पालक मीटिंगला येतच नाहीत, मग पोरांच्या कॉलेजचं कसं होणार? – जरा सविस्तर उत्तर

प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही वस्तीतल्या अभ्यासिकेत शनिवार-रविवार बारावीच्या नऊ मुलांना शिकवता. त्यातल्या सात जणांना पुढे डिग्री करायचीय, पण घरात कुणीच कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आया धुणीभांडी करतात नाहीतर बांधकामावर जातात, वडील हमाली, रिक्षा, एकाला वडीलच नाहीत. तुम्ही दोनदा पालक मीटिंग ठेवली, पहिलीला दोन आया आल्या, दुसरीला कुणीच नाही. दोन मुलींची जात पडताळणी अजून व्हायचीय असं शेवटी एका ओळीत लिहिलंय, त्यावर मी नंतर येते कारण मला विचाराल तर तुमच्या सगळ्या पोस्टमधली तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. आणि प्रश्न असा की ‘या पालकांना उच्च शिक्षणाचं महत्त्व कसं पटवून देऊ?’

मी अठरा वर्षं अशाच घरांतल्या पोरांना कॉलेजात पोचवायचं काम करतेय, आधी ज्युनिअर कॉलेजात शिकवता शिकवता आणि नंतर पूर्णवेळ. सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही हाच प्रश्न घेऊन फिरत होते. हॉल घ्यायचे, प्रोजेक्टर लावायचे, ‘शिक्षणाने आयुष्य बदलतं’ वगैरे बोलायचे, आणि समोर बसलेल्या बायका पदर सावरत, घड्याळाकडे बघत, माना डोलवत ऐकायच्या. नंतर एकदा एका बाईंनीच मला सरळ सांगितलं, ‘ताई, हे सगळं मला माहितीय म्हणून तर भिशी उचलून पोराला क्लास लावला. तुम्ही मला एवढंच सांगा, जूनमध्ये किती पैसे लागणार?’ मला उत्तर देता आलं नाही. फी किती ते माहीत होतं, पण जूनमध्ये हातात किती रोख लागेल, ते नाही.

म्हणजे महत्त्व त्यांना पटलेलंच असतं. अपवाद असतात, नाही म्हणत नाही, पण माझ्या अनुभवात फार थोडे. अडतं दुसरीकडेच आणि ते कुणी मीटिंगमध्ये चारचौघांत बोलत नाही. पैसे किती आणि कधी लागतील याचा अंदाज नसतो, आणि अंदाज नसला की माणूस सगळ्यात मोठा आकडा धरून चालतो. ऑफिसच्या खिडकीवर अपमान होईल याची भीती असते, सही करता येत नाही, फॉर्म इंग्रजीत असतो, क्लार्क खेकसतो आणि ते सगळं पोरासमोर. मुलगी असेल तर लांबचं कॉलेज, होस्टेल, लोक काय म्हणतील. आणि एक गोष्ट जी कुणीच कबूल करत नाही, की पोरगं शिकलं की आपल्यापासून तुटेल. एक रिक्षावाले काका मला म्हणाले होते, ‘तो इंजिनिअर झाला की मी त्याच्याशी काय बोलू?’ हसत म्हणाले, पण गमतीने नव्हे.

आता हे कुणाच्या घरात किती खरं हे तुम्हालाच बघावं लागेल. कर्जात बुडालेलं घर आणि हातावर पोट असलं तरी कर्ज नसलेलं घर, यांचा हिशोब वेगळा. एकट्या आईचं घर वेगळं, थोरला भाऊ कमावता असेल तर वेगळं, आणि कॅटेगरी कुठली, कोर्स कुठला, कॉलेज घरापासून किती लांब यावर तर निम्मी गणितं बदलतात. म्हणून सात पालकांना एकत्र बसवून एकच भाषण देण्यात अर्थ नाही. मीटिंग बंद करा असंच मी सांगेन. घरी जा. संध्याकाळी सात-साडेसातनंतर, स्वयंपाक चालू असताना, आगाऊ सांगून. एका घराला पाऊण तास. सात घरं म्हणजे दोन आठवडे, एवढंच.

पहिल्या भेटीत करिअर, स्कोप हे विषय काढायचेच नाहीत. ‘पोराने शिकावं असं तुम्हाला वाटतं ना’ असंही विचारू नका, त्याला एकच उत्तर आहे आणि ते काहीच सांगत नाही. मी विचारते, ‘काय झालं तर याचं शिक्षण थांबेल असं तुम्हाला वाटतं?’ आणि मग गप्प बसते. गप्प बसणं जमत नाही आपल्याला, शिक्षकांना तर अजिबातच नाही, पण बसायचं. एका आईने खूप वेळाने सांगितलं की नवऱ्याचं पाठीचं दुखणं आहे, काम सुटलं की मुलालाच कामाला लावावं लागेल. हे मुलालाही माहीत नव्हतं. मग आमची पुढची सगळी आखणी त्या एका गोष्टीभोवती झाली, घराजवळचं कॉलेज, सकाळची शिफ्ट, आणि समजा कामाला जावंच लागलं तर मुक्त विद्यापीठाचा पर्याय आधीच बघून ठेवलेला. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी चालू आहे, आणि ‘रेग्युलर नाही जमलं म्हणजे संपलं’ हा समज घरात आधीच मोडून ठेवला की निम्मा ताण उतरतो.

आता पैशाचं. इथे जरा जास्त लिहिते कारण इथेच सगळे गळतात.

आपण उत्साहाने सांगतो की ‘काळजी करू नका, स्कॉलरशिप आहे’. आहे, खरंच आहे. एससीचा विद्यार्थी आणि घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. ओपनमधल्या मुलांना उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क. ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणातला प्रवर्ग), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालंय, आधी ते ५० टक्के होतं, अट परत ८ लाखांचीच. होस्टेल न मिळालेल्या एससी मुलांना स्वाधार योजना, एसटीला स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना (व्हीजेएनटी) सावित्रीबाई फुले आधार योजना, नोंदणीकृत मजुरांच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. तुमच्या बांधकामावरच्या आयांची बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का ते आवर्जून विचारा, बऱ्याच जणींची नसते आणि नोंदणी असली की मुलांसाठी वेगळी शैक्षणिक मदतही मिळते.

पण यातलं काहीच जूनमध्ये मिळत नाही. प्रवेश आधी होतो, मग महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, फॉर्म भरायचा, मग कॉलेजचा क्लार्क तपासणार, मग सरकारी खातं तपासणार, मध्येच एखादा कागद पुसट आहे म्हणून ‘सेंड बॅक’ येणार, तो मेसेज जुन्या मोबाईल नंबरवर गेलेला असणार, आणि पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात पडतील तेव्हा पुढचं वर्षही उजाडलेलं असू शकतं. ज्यांना शासन नियमाने फी मागायचीच नाही अशा मुलांकडेही काही कॉलेजं ‘आत्ता भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ’ म्हणतात. माझ्या एका विद्यार्थिनीला एका कॉलेजने असंच सांगितलं, घरच्यांनी आईच्या कानातलं गहाण टाकलं, पैसे परत यायला दीड वर्ष लागलं आणि तोवर व्याजात ते कानातलं गेलं. त्या आईसमोर ‘सरकार फी भरतं’ हे वाक्य पुन्हा उच्चारायची माझी हिंमत नाही.

म्हणून मी काय करते, एक मोठा कागद घेते, त्यावर आडवे महिने लिहिते, मे ते पुढचा एप्रिल. प्रत्येक महिन्याखाली दोन रकाने, खिशातून जाणार किती, आणि परत येणार किती. सीईटीचा फॉर्म, दाखल्यांचा खर्च, सीट ॲक्सेप्टन्स फी, कॉलेजची पहिली रक्कम, होस्टेलचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, एप्रन, ड्रॉइंगचं सामान, एसटीचा पास. पासाचं छोटं वाटतं पण बघा, गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंतच असतो, कॉलेजला गेल्यावर विद्यार्थी सवलतीचा पास काढावा लागतो, सवलत ६६.६७ टक्के आहे पण शून्याचे काहीतरी झाले ना, आणि ते घरात कुणी धरलेले नसतात. हे सगळं पालकांच्या समोर, त्यांनाच विचारत भरायचं. एका घरात असा कागद केला तेव्हा जून ते ऑगस्टमध्ये ३८ हजार लागणार होते आणि वर्षभरात त्यातले साधारण २६ परत येणार होते. वडील बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले आणि म्हणाले, ‘म्हणजे मला चार लाख नाही, अडतीस हजार उभे करायचेत.’ चार लाख त्यांना कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगितले होते. अडतीस हजारही त्यांना जडच होते, पण जड असलेली गोष्ट माणूस उचलायचा विचार करतो, धुक्यातल्या गोष्टीचा करत नाही. त्यांनी भिशीचा नंबर जूनवर घेतला आणि मुकादमाशी बोलले.

वाचता येत नसेल तर कागदावर आकडेच मोठे काढा, आकडे सगळ्यांना कळतात. कागद त्यांच्याकडेच ठेवायचा, फोटो तुमच्याकडे.

याला लागून दोन धोके सांगते. पहिला म्हणजे ‘मी सीट करून देतो’ वाला माणूस. रिझल्ट लागला की हे वस्तीत फिरतात, गोड बोलतात, ‘कॅप वगैरेच्या भानगडीत पडू नका, डायरेक्ट ॲडमिशन’ (कॅप म्हणजे सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया). पालकांना ते बरं वाटतं कारण फॉर्म भरायची कटकट वाचते आणि कुणीतरी आदराने बोलतंय. पण मॅनेजमेंट कोट्यातून किंवा कॅपच्या बाहेर प्रवेश घेतला की वर सांगितलेल्या फी सवलती बहुतेक सगळ्या जातात, खाजगी आणि अभिमत विद्यापीठातही मुलींची ती माफी लागू नाही. एका वडिलांनी वीस हजार टोकन देऊन टाकलेलं, मुलीला कॅपमधून सरकारी कॉलेज मिळत होतं. वीस हजार गेले ते गेलेच. तेव्हा एप्रिलमध्येच सगळ्या घरांत सांगून ठेवा, मला विचारल्याशिवाय कुणालाही एक रुपया आणि एकही ओरिजिनल कागद द्यायचा नाही. ओरिजिनल कागदपत्रं कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत, यूजीसीने २०१८ मध्येच तसं स्पष्ट केलंय, तपासायची आणि परत द्यायची, तरी लोक ठेवून घेतात आणि मुलाला दुसरीकडे चांगलं मिळालं तरी अडकवतात.

दुसरं म्हणजे एज्युकेशन लोन. इथे माझं मत बाकीच्या समुपदेशकांपेक्षा वेगळं आहे, ते सरसकट सांगतात लोन घ्या, मी शेवटी सांगते. चार लाखांपर्यंत तारणही लागत नाही आणि स्वतःचा वाटाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हप्ते कोर्स संपून वर्षभराने सुरू होतात, उत्पन्न साडेचार लाखांखाली असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेतला टेक्निकल किंवा प्रोफेशनल कोर्स असेल तर तोवरचं व्याज केंद्र सरकार देतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, त्यातही नावाजलेल्या संस्थांसाठी ८ लाख उत्पन्नापर्यंत व्याजात सवलत आहे. कागदावर सगळं छान. पण सहकर्जदार म्हणून सही वडिलांची असते, आणि ज्या माणसाने सावकाराच्या वहीवर अंगठा देऊन आयुष्य काढलंय त्याला ‘ही फक्त फॉर्मॅलिटी आहे’ असं सांगणं म्हणजे फसवणूक आहे. काय सही करताय, पोराने फेडलं नाही तर काय होईल, हे सगळं उघड सांगा. मग तो नाही म्हणाला तर तो नकार विचार करून दिलेला आहे, त्याचा मान ठेवा आणि स्वस्त कोर्स शोधा. अनुदानित कॉलेजात बीएस्सी, बीकॉमची फी आजही व्यावसायिक कोर्सच्या मानाने फारच कमी आहे, हे कुणी सांगत नाही कारण त्यात कुणाचं कमिशन नाही. आणि उलट, मोठ्या संस्थेला घाबरून मागे फिरू नका, आयआयटीत एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, बाकीच्यांनाही घरचं उत्पन्न १ लाखाखाली असेल तर पूर्ण आणि १ ते ५ लाखांमध्ये दोन तृतीयांश माफ. तिथे पोचणं अवघड आहे, पण पोचलं तर खर्च एखाद्या खाजगी कॉलेजपेक्षा कमी येऊ शकतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: मीटिंग सोडा, घरी जा, एक प्रश्न विचारून गप्प बसा, मग महिन्यांचा कागद.

यावर कुणी म्हणेल की एवढं घरोघरी कशाला, व्हॉट्सॲप ग्रुपवर माहिती टाकली की झालं. मीही टाकायचे. अमेरिकेत याच्यावर एक अभ्यास झालेला आहे, २०१२ साली प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाची कुटुंबं टॅक्सचे कागद भरायला एका कंपनीच्या ऑफिसात यायची, तिथेच काही जणांना कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फॉर्म लगेच भरून दिला, काहींना नुसती माहिती दिली. फॉर्म भरून दिलेल्या घरांतली बारावीची पोरं कॉलेजात जाऊन टिकण्याचं प्रमाण साधारण ८ टक्के बिंदूंनी वाढलं, नुसती माहिती दिली तिथे काही फरक पडला नाही. देश वेगळा, फॉर्म वेगळा, पण मी ते वाचलं तेव्हा मला आमचा ग्रुप आठवला, एकशे चाळीस मेंबर, रोज पीडीएफ, आणि फॉर्म भरायला शेवटच्या दिवशी रात्री अकराला रडत आलेली पोरं.

आता पालकांच्या वाट्याला काय द्यायचं. हा भाग मी फार उशिरा शिकले आणि एका चुकीतून शिकले. सात-आठ वर्षांपूर्वी एक मुलगा होता, हुशार, त्याचं सगळं मीच केलं, फॉर्म, कॉलेज, होस्टेल, देणगीदारसुद्धा. वडील मार्केट यार्डात हमाल. ते एकदा आले होते, मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग मी सगळं मुलाशीच बोलले. मला वाटलं त्यांचा त्रास वाचवतेय. दुसऱ्या सेमिस्टरला त्यांचा पाय मोडला, मुलगा घरी आला आणि परत गेलाच नाही. मला चार महिन्यांनी कळलं. त्यांना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, ‘मॅडम, ते तुमचं काम होतं, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.’ तुमचं काम. त्यांच्या मुलाचं शिक्षण हे माझं काम झालं होतं. मी त्यांना त्यातून बाहेर काढलं होतं, आणि बाहेरच्या माणसाने फोन कशाला करायचा?

तेव्हापासून नियम केला, प्रत्येक घरात पालकांनाच जमेल असं एक तरी काम पालकांनी करायचं. ‘अभ्यासाला पोषक वातावरण द्या’ असलं पुस्तकी नाही, दहा बाय दहाच्या खोलीत कसलं वातावरण. ठरवून दिलेलं काम. कुणी फाइल सांभाळते, एक आई अजून आठवते, साडीच्या दुकानाच्या जाड पिशवीत सगळे कागद, वर घडी केलेला रुमाल, वाचता येत नव्हतं पण उत्पन्नाचा दाखला गुलाबी शिक्क्याचा आणि डोमिसाइल निळ्या, असं तिने पाठ केलेलं आणि खिडकीवर क्लार्कच्या आधी काढून द्यायची. कुणी बँकेत जाऊन खात्याला आधार जोडून आणतं. कुणी तहसीलला जातं. आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर नाव एक आहे का बघणं हे तर आजच करायला सांगा, एका मुलाच्या आधारवर आडनावात एक अक्षर जास्त होतं, तेवढ्यावर फॉर्म तीनदा परत आला.

आणि मुलींच्या बाबतीत एक काम हमखास, आईने कॉलेज बघून यायचं. मी स्वतः घेऊन जाते, दोन-तीन आयांना मिळून, कामाचा खाडा होतो तर त्या दिवसाची मजुरी आम्ही देतो, जमत असेल तर तुम्हीही द्या, त्यात लाजायचं काही नाही. गेट, लेडीज रूम, होस्टेलची खोली, मेस, बस कुठे थांबते, रेक्टर बाई कोण. एकीने मला वाटेत विचारलं, ‘ताई, पोरीला सोडायला मी गेटपर्यंत आले तर चालेल का? का तिला लाज वाटेल?’ साडी कुठली नेसायची हेही तिने आदल्या रात्री मुलीला विचारलं होतं. होस्टेलच्या खोलीत गेल्यावर तिने आधी खिडकीची कडी लावून बघितली, मग दाराची, मग बाथरूमचा नळ. नंतर घरी जाऊन नवऱ्याला आणि सासूला तिनेच सांगितलं, मला एक शब्द बोलावा लागला नाही. वडिलांना समजवायला मी जाण्यापेक्षा होस्टेल बघून आलेली आई शंभरपट भारी पडते.

लग्नाचा विषय निघेल. भांडू नका. ‘आत्ता नको’ म्हणण्यापेक्षा ‘हा कोर्स तीन वर्षांचा, या महिन्यात संपतो’ अशी तारीख द्या. तारीख दिली की नातेवाइकांना सांगायला त्यांच्याकडे काहीतरी असतं. चालतंच असं नाही. दोन मुलींच्या वेळी माझं अजिबात चाललं नाही, आणि त्यात माझी काय चूक झाली हे मी अजून शोधतेय.

‘नोकरी लागेल का?’ हा प्रश्न सात घरांत सात वेळा येईल. खोटं सांगू नका. मी सांगते, हमी नाही, पण या कॉलेजातून गेल्या वर्षी पास झालेली ही दोन मुलं, यांना फोन लावून विचारा, मी समोर बसते. वस्तीतलंच कुणी तिसऱ्या वर्षाला असेल तर त्याला बरोबर न्या, आणि त्याच्या आईला तर नक्कीच. त्या आईचं ऐकतात ते, तुमचं-माझं नाही, आपण पगारी किंवा हौशी लोक आहोत त्यांच्या नजरेत आणि ते काही खोटं नाही.

मुलगा घरी पैसे देत असेल, पार्ट टाइम करत असेल, तर ते एकदम बंद करायला सांगू नका, घराचं गणित कोसळतं. कॉलेजात ‘कमवा व शिका’ आहे का विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली कल्पना आहे, पुणे विद्यापीठाची योजना तर त्यांच्याच नावाने चालते. पैसे फार नसतात, पण तास कॉलेजातच असतात आणि पोरगं वर्गातून उठत नाही.

आता त्या दोन मुलींचं, ज्यावर मी येणार म्हणाले होते. तुम्ही कुठली कॅटेगरी ते लिहिलं नाहीये, पण राखीव जागेवर व्यावसायिक कोर्सला जायचं तर जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी होऊन मिळणारं वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि दरवर्षी मार्क असूनही पोरं इथे गळतात. अर्ज आत्ता, बारावी चालू असतानाच कॉलेजमार्फत भरता येतो. लागतात ते वडिलांच्या बाजूचे जुने पुरावे, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या. म्हणजे आजोबा, पणजोबा. आणि ते कुठे शाळेत होते हे तुम्हाला, मला, गूगलला कुणालाच माहीत नसतं, ते माहीत असतं घरातल्या न शिकलेल्या माणसांना. एक वडील, रंगकाम करणारे, प्रत्येक भेटीत एकच वाक्य, ‘मला यातलं काय कळत नाय’. त्यांना विचारलं, तुमचे वडील शाळेत होते का, तर म्हणाले दुसरीपर्यंत, गाव सोडायच्या आधी. दोन दिवस खाडा करून एसटीने गेले, शाळेच्या हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढलं, आणि १९५८ सालच्या नोंदीचा उतारा घेऊन आले, प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर अजून एक पिशवी. माझ्या टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले. ‘हे माझ्या बापाचं नाव आहे ना? वाचून दाखवा.’ वाचून दाखवलं. त्यानंतर त्या घरात मला कधी कुणाला काही पटवावं लागलं नाही, उलट तेच मला फोन करून विचारायचे, महाडीबीटी सुरू झालं का.

तेव्हा सात घरांचा क्रम लावताना या दोन मुलींची घरं आधी घ्या, या शनिवारीच. आजी असेल तर आजीशी बोला, गाव कुठलं, शाळा कुठली, चुलत्यांपैकी कुणाची पडताळणी झालीय का. वडिलांच्या रक्तनात्यात कुणाचं वैधता प्रमाणपत्र निघालं तर काम बरंच सोपं होतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलला कोतवाल बुक आणि गाव नमुना १४ मध्ये जन्माची नोंद शोधायला सांगा, त्याला वेळ लागतो म्हणून आत्ताच. बाकीच्या पाच घरांना पुढच्या आठवड्यात गेलात तरी चालेल. कॅटेगरी आणि जिल्हा कळवा, पुढचं बघू.